जमिनीचा वापर आणि बांधकाम परवानगी : महानगरपालिकेकडे अर्ज करण्यापूर्वी

आमच्या धर्मग्रामांमध्ये घर बांधणे ही केवळ विटा-सिमेंटची गोष्ट नसते. वाडवडिलांची वाडी, भावाबहिणींचे हिस्से, परदेशी गेलेल्या मुलांनी पाठवलेली बचत आणि निवृत्तीनंतर मिळालेली पुंजी, हे सारे त्या एका घरात ओतलेले असते. म्हणूनच बांधकाम अर्ध्यावर असताना महानगरपालिकेची नोटीस दारावर चिकटवली जाते, तेव्हा कुटुंबाच्या पायाखालची जमीन सरकते. धर्मग्राम कार्यालयात येणाऱ्या अनेक बंधुभगिनींशी बोलताना आम्हाला जाणवते, की अडचण बहुधा नियम मोडण्याच्या हेतूने उद्भवत नाही. ती कोणत्या कार्यालयात, कोणत्या क्रमाने, कोणता कागद घेऊन जायचे याची माहिती नसल्याने उद्भवते. ही माहिती एकत्रितपणे वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत. येथील विवेचन महाराष्ट्रापुरते असून उदाहरणे प्रामुख्याने वसई परिसराशी निगडित आहेत.

१. परवानगी नेमकी कशाची?

महाराष्ट्रात जमिनीच्या वापराचे नियमन मुख्यत्वे दोन कायदे करतात. पहिला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि दुसरा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. पहिला कायदा शहराची आखणी पाहतो. दुसरा जमिनीचा महसूल, तिची नोंद आणि शेती-बिनशेती हा भेद पाहतो. दोहोंचे दरवाजे वेगळे आहेत. एकाची परवानगी मिळाली म्हणजे दुसऱ्याची आपोआप मिळाली, असे समजू नये.

नगररचना कायद्यातील ‘विकास’ या शब्दाची व्याख्या आपल्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. केवळ नवी इमारत उभारणे म्हणजे विकास नव्हे, तर इमारतीत किंवा जमिनीत, किंवा त्यांच्या वापरात, लक्षणीय बदल करणे हाही विकासच आहे. याचा अर्थ असा, की भिंतीची एक वीटही न हलवता राहत्या घराचे गोदाम केले, बंगल्यात लग्नाचा हॉल सुरू केला किंवा वाडीत गाड्यांचे गॅरेज थाटले, तरी परवानगीचा प्रश्न येतो. घरातील एका खोलीत डॉक्टरांनी रुग्ण तपासणे, वकिलांनी कार्यालय ठेवणे अशा मर्यादित व्यवसायांना निवासी विभागात नियमांनुसार मुभा असते. दुकाने आणि मोठे वापर मात्र बहुधा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतात. म्हणून ‘जागा माझी, मी काहीही करीन’ हे वाक्य कायद्याला मान्य नाही.

२. आपले नियोजन प्राधिकरण कोणते?

अर्ज कोणाकडे करायचा, हा पहिला प्रश्न. महानगरपालिका क्षेत्रात महानगरपालिका, नगरपरिषद क्षेत्रात नगरपरिषद आणि जेथे शासनाने विशेष नियोजन प्राधिकरण नेमले असेल तेथे ते प्राधिकरण निर्णय घेते. ग्रामीण भागात प्रादेशिक योजनेनुसार जिल्हाधिकारी कार्यालयाचा आणि नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेचा संबंध येतो.

वसईचेच उदाहरण पाहू. वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. या क्षेत्राची २००१ ते २०२१ या कालावधीसाठीची विकास योजना २००७ मध्ये मंजूर झाली. पुढे जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि त्यानंतर नियोजनाचे काम तिच्याकडे आले. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयही बदलले. म्हणजे एकाच वाडीच्या जुन्या कागदांवर ग्रामपंचायत, सिडको आणि महानगरपालिका अशा तीन संस्थांचे शिक्के असू शकतात. जुनी परवानगी दाखवताना ती ज्या दिवशी दिली गेली, त्या दिवशी ती देण्याचा अधिकार त्या संस्थेला होता काय, हे पाहावे लागते. अनेक वाद नेमके येथेच उभे राहतात.

नियमावलीविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी प्रत्येक शहराची विकास नियंत्रण नियमावली निराळी होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई आणि काही विशिष्ट क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. बृहन्मुंबईसाठी ‘विकास योजना २०३४’ची नियमावली स्वतंत्र आहे. वांद्रे किंवा बोरिवली येथील नातेवाइकांना मिळालेली सवलत वसईत मिळेलच, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

३. झोन दाखला आणि भाग नकाशा

विकास योजना म्हणजे शहराच्या भवितव्याचा नकाशा. त्यात प्रत्येक जमिनीला एक विभाग, म्हणजेच झोन, नेमून दिलेला असतो : निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती किंवा हरित विभाग, ना-विकास विभाग इत्यादी. शिवाय काही जमिनींवर रस्ता, उद्यान, शाळा, दवाखाना, सांडपाणी प्रक्रिया केंद्र अशी आरक्षणे असतात.

घर बांधण्याचा विचार मनात येताच, वास्तुविशारदाकडे जाण्याच्याही आधी, नगररचना विभागात दोन कागदांसाठी अर्ज करावा : झोन दाखला आणि भाग नकाशा. सातबारा उतारा, मोजणी नकाशा आणि ठरलेले शुल्क यांसह हा अर्ज करता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार नागरी संस्थांनी आपल्या सेवांची मुदत आणि जबाबदार अधिकारी जाहीर करावयाचे असतात. ती यादी कार्यालयात मागून पाहावी.

झोन दाखला हाती आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली : संपूर्ण सर्व्हे नंबर एकाच विभागात आहे की अर्धा निवासी आणि अर्धा हरित विभागात? वसईच्या लांबट वाड्यांत असे वारंवार आढळते.

दुसरी : जमिनीवर आरक्षण किंवा प्रस्तावित रस्ता आहे काय? आज जेथे पायवाट दिसते तेथे नकाशात रुंद रस्ता असू शकतो.

तिसरी : अन्य कायद्यांची बंधने आहेत काय? समुद्रकिनारी भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सागरी किनारा विनियमन क्षेत्रात येतो. खाडीकाठीही अंतराची मर्यादा असते. अशा जागेत महानगरपालिकेखेरीज किनारा व्यवस्थापन यंत्रणेचाही विचार करावा लागतो. त्याचप्रमाणे वसईचा किल्ला हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंतचा भाग विनियमित समजला जातो. विनियमित क्षेत्रातील बांधकामाला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. किल्ल्यालगतच्या रहिवाशांनी हे विसरू नये.

४. मालकीचे कागद : खरी परीक्षा येथे होते

आमच्या अनुभवानुसार अर्ज रखडण्याचे सर्वांत मोठे कारण नकाशातील त्रुटी हे नसून मालकीतील गुंता हे असते. महानगरपालिका परवानगी देताना अर्जदाराचा जमिनीवर हक्क आहे काय, हे पाहते. सामान्यतः पुढील कागद लागतात : अद्ययावत सातबारा उतारा, किंवा नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, आठ-अ उतारा, संबंधित सर्व फेरफार नोंदी, खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र, आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा.

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, तो महसुली नोंदीचा उतारा आहे. ती नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. म्हणून सातबाऱ्यावर आपले नाव आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये; ते नाव कोणत्या फेरफाराने लागले, याचा मागोवा घ्यावा. वारसा, खरेदी इत्यादींद्वारे मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला देण्याची तरतूद महसूल संहितेत आहे. प्रत्यक्षात आजोबांच्या निधनाला तीस वर्षे लोटली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असते.

येथे ख्रिस्ती कुटुंबांनी एक कायदेशीर वास्तव स्पष्टपणे समजून घेणे अगत्याचे आहे. मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. विधवा आणि मुले हयात असल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेला दोन तृतीयांश भाग मुलांना समान मिळतो. येथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. ‘बहिणीचे लग्न करून दिले, तिचा हिस्सा संपला’ ही समजूत कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. बहिणीने स्वेच्छेने हक्क सोडला असेल, तर तसे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. तोंडी संमती आज चालते असे वाटते. पुढच्या पिढीत तिचा भाचा हरकतीचा अर्ज घेऊन महानगरपालिकेत उभा राहतो आणि दोन घरांतला बोलण्याचा संबंधही तुटतो. बहिणीचा वाटा बुडवून बांधलेल्या घराची वास्तुशांती कोणत्याही आशीर्वादाने पूर्ण होत नाही, हे आम्ही येथे नम्रपणे नोंदवू इच्छितो.

सहहिस्सेदार परदेशी असल्यास त्यांचे कुलमुखत्यारपत्र लागते. ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, किंवा तेथील नियमानुसार प्रमाणित करून पाठवावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावयाचे असते. ही मुदत चुकल्याने अनेकांना दंड भरावा लागतो.

एक नमुना घेऊ. समजा, दहा गुंठ्यांची वाडी आजोबांच्या नावे आहे. त्यांना चार अपत्ये होती. त्यांपैकी दोघे निवर्तले असून त्यांची मिळून पाच मुले आहेत, त्यांतील दोघे परदेशात. आता धाकट्या मुलाला दोन गुंठ्यांवर घर बांधायचे आहे. त्याने प्रथम सर्व वारसांची नोंद करून घ्यावी; मग मोजणी करून प्रत्यक्ष हद्द निश्चित करावी; त्यानंतर नोंदणीकृत वाटणीपत्र करावे, किंवा किमान सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी; आणि मगच परवानगीचा अर्ज करावा. या क्रमात वेळ अधिक जातो खरा. परंतु क्रम उलटा केल्यास वर्षे जातात.

सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना आणि भोगवटादार वर्ग हेही वाचावे. भोगवटादार वर्ग २, कूळकायद्याने मिळालेली जमीन किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असल्यास हस्तांतरणावर आणि वापरावर निर्बंध असतात व महसूल अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. तसेच शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेण्यास कूळकायद्याचा सर्वसाधारण प्रतिबंध आहे. ‘दोन गुंठे स्वस्तात मिळताहेत’ अशा जाहिरातींना भुलण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

५. शेतीतून बिनशेतीकडे

शेतजमिनीचा अन्य कामासाठी वापर करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, हा महसूल संहितेचा मूळ नियम. लोकव्यवहारात यालाच ‘एन.ए.’ म्हणतात. नगररचना आणि महसूल अशा दोन्ही दारांत नागरिकांची होणारी ओढाताण कमी व्हावी म्हणून २०१४ पासून या तरतुदी टप्प्याटप्प्याने शिथिल करण्यात आल्या. अंतिम विकास योजनेत समाविष्ट जमिनीला, तिला नेमून दिलेल्या वापरापुरती, स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज राहू नये आणि रूपांतरण कर व इतर देणी भरल्यावर ती बिनशेती मानली जावी, असा या सुधारणांचा रोख आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठीही २०१७ मध्ये अशी सोय करण्यात आली.

मात्र दोन गोष्टी कायम आहेत. एक, ही सोय नेमून दिलेल्या वापरापुरतीच आहे. हरित विभागातील जमीन कर भरून निवासी होत नाही. दोन, जमिनीवर वर्ग २ सारखे निर्बंध असल्यास ते आधी दूर करावे लागतात. या तरतुदींत वारंवार सुधारणा होत असल्याने अर्जाच्या वेळी तहसील कार्यालयात प्रचलित नियम विचारून, मिळालेले उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

जुन्या गावठाणांतील घरांबाबत अडचण वेगळी. तेथे बहुधा सातबारा नसतो. घरपट्टीची पावती एवढाच कागद असतो. ग्रामीण गावठाणांचे ड्रोनद्वारे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याची ‘स्वामित्व’ योजना केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केली. ज्या गावी भूमापन होत असेल, तेथील रहिवाशांनी मोजणीच्या दिवशी घरी उपस्थित राहून हद्दी दाखवाव्यात.

६. अर्ज कसा करावा?

कागद जुळल्यावर परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता नेमावा. नगररचना कायद्याच्या कलम ४४ खालील अर्ज आता बहुतेक नागरी संस्थांत ऑनलाइन स्वीकारला जातो आणि तो सामान्यतः त्यांच्यामार्फतच सादर होतो. तरीही अर्जदार आपणच असतो. सादर झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि अर्जाचा क्रमांक स्वतःजवळ ठेवावा.

अर्जासोबत जागेचा आणि इमारतीचा नकाशा द्यावयाचा असतो. त्यात भूखंडाचे क्षेत्र, पोचरस्ता, चारही बाजूंची सामासिक अंतरे, चटई क्षेत्र निर्देशांकानुसार अनुज्ञेय बांधकाम, मजल्यांची उंची, वाहनतळ, सांडपाण्याची सोय हे दाखवलेले असते. त्यावर छाननी शुल्क, विकास शुल्क आणि बांधकाम कामगार कल्याण उपकर अशी देणी आकारली जातात. उपकराचा दर बांधकाम खर्चाच्या एक टक्का आहे. स्वतःच्या राहण्यासाठीचे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या खर्चाचे घर त्यातून मुक्त आहे. प्रत्येक रकमेची अधिकृत पावती घ्यावी. ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती रक्कम कायद्याने देय नसते, एवढे ओळखण्यास वकिलाची गरज नाही.

छोट्या घरांसाठी २०२० च्या नियमावलीने दिलासा दिला आहे. सुमारे १,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ठरावीक कागदपत्रे व शुल्क सादर केल्यावर मिळणारी पोच हीच परवानगी समजली जाते. त्यापुढे सुमारे ३,००० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी दहा दिवसांत परवानगीची सोय आहे. परंतु याचा अर्थ ‘परवानगीच लागत नाही’ असा पसरवला गेला, तो चुकीचा आहे. झोन, मालकी, सामासिक अंतरे आणि शुल्क यांतून सुटका नाही. उलट खोटी माहिती दिल्याची जबाबदारी थेट मालकावर आणि तज्ज्ञावर येते.

परवानगी मंजूर झाल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. पुढचे टप्पे असे : जोत्यापर्यंत काम झाल्यावर जोते तपासणी आणि इमारत पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. आमच्याकडील पुष्कळ कुटुंबे प्रारंभ प्रमाणपत्रावरच थांबतात. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय घरात राहणे नियमबाह्य आहे आणि नळजोडणी, कर्ज, विक्री, वारसनोंद अशा प्रत्येक प्रसंगी ही उणीव पुढे येते. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते. काम लांबल्यास मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरण मागावे.

७. उत्तर आले नाही किंवा नकार आला तर?

कलम ४५ नुसार प्राधिकरणाने अर्ज मंजूर करावा, अटींसह मंजूर करावा किंवा नाकारावा. नाकारल्यास कारणे देणे बंधनकारक आहे. परिपूर्ण अर्जानंतर ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. परंतु या मानीव परवानगीचा आधार फार जपून घ्यावा. प्रस्ताव विकास योजनेशी आणि नियमावलीशी पूर्ण सुसंगत असेल तरच ती लागू होते. विसंगत बांधकाम केल्यास ते अनधिकृतच ठरते. शिवाय त्रुटीपत्र आले असल्यास त्याची पूर्तता होईपर्यंत अर्ज परिपूर्ण समजला जात नाही.

नकार मिळाल्यास तो कळवल्यापासून ४० दिवसांच्या आत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. फाईल कोणाच्या टेबलावर का थांबली, हे जाणून घेण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. भांडण करण्यापूर्वी हा साधा अर्ज करावा.

८. झोन बदलणे आणि आरक्षण हटवणे

‘साहेबांना सांगून झोन बदलून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ प्रत्येक शहरात भेटतात. वाचकांनी कायद्याची वाट समजून घ्यावी. मंजूर विकास योजनेत फेरबदल करण्यासाठी कलम ३७ आहे. योजनेचे मूळ स्वरूप पालटणार नाही एवढाच बदल त्यातून करता येतो. महानगरपालिकेने ठराव करायचा, राजपत्रात व जाहीर सूचनेद्वारे एक महिन्यात हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. अंतिम मंजुरी राज्य शासनाची. सारांश, कोणताही नगरसेवक, अभियंता किंवा आयुक्त स्वतःच्या सहीने झोन बदलू शकत नाही. तसे सांगून पैसे मागणारा माणूस फसवत आहे, हे निश्चित समजावे.

आरक्षित जमिनीच्या मालकांना मात्र कलम १२७ चा आधार आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे मानले जाते. सूचना बजावण्यापूर्वी मालकीचे सर्व कागद जोडलेले असावेत आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

९. चर्च, शाळा, दफनभूमी आणि क्रूस

धर्मग्रामाची मालमत्ता ही कोणा एकाची नसते. तिच्या विकासाला वरील सर्व नियम लागू आहेतच. शिवाय आणखी दोन व्यवस्था पाळाव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून व इतर जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देणे यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. चर्चच्या कायद्यानुसार नवे चर्च बांधण्यास बिशपांची लेखी अनुमती आवश्यक आहे आणि मालमत्ता हस्तांतरित करण्यासही ठरावीक वरिष्ठांची परवानगी लागते. पॅरिश कौन्सिलने सभागृहाचा ठराव करतानाच हे टप्पे वेळापत्रकात धरावेत.

रस्त्यालगतच्या क्रुसांविषयी भाविकांच्या भावना तीव्र असतात. सार्वजनिक रस्ते, उद्याने व सार्वजनिक जागांवर यापुढे कोणत्याही धर्माचे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. तेव्हा नवा क्रूस सार्वजनिक जागेत उभारण्याचा आग्रह धरू नये. जुन्या क्रुसांबाबत मात्र त्यांचे वय, जागेची मालकी, जुनी छायाचित्रे, भूमापन नकाशातील नोंद यांचा दप्तरसंग्रह प्रत्येक धर्मग्रामाने आजच करावा. रस्तारुंदीकरणाची नोटीस आल्यावर पुरावे शोधू लागल्यास हाती काही लागत नाही.

१०. परवानगीविना बांधले तर?

परवानगीविना विकास करणे हा गुन्हा असून कायद्यात कारावासाची तरतूद आहे. बांधकाम पाडण्याचा खर्चही मालकाकडून वसूल होतो. घरपट्टी आकारली म्हणजे घर अधिकृत झाले, हा समज अत्यंत घातक आहे. महानगरपालिका अनधिकृत इमारतीलाही कर, किंबहुना शास्तीसह दुप्पट कर, आकारू शकते आणि त्याने बांधकाम नियमित होत नाही. वीजबिलाचेही तसेच.

नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. तेथील कुटुंबांनी पैसे मोजले होते, कर भरला होता, मुलांना जवळच्या शाळांत घातले होते. त्यांच्यापाशी नव्हता तो केवळ भाग नकाशा. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या जोडून रेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. रेरा क्रमांक पाहणे पुरेसे नाही, प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा थेट महानगरपालिकेत करावी, हा त्यातील धडा. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांना प्राण गमवावे लागले. परवानगीचा कागद म्हणजे केवळ सरकारी सोपस्कार नव्हे. तो पाया, गज आणि काँक्रीट कोणीतरी जबाबदारीने तपासल्याचा दाखला असतो.

हरकत नोंदवणे हेही कर्तव्य

शेवटी एक महत्त्वाची बाब. विकास योजना आकाशातून पडत नाही. प्रारूप योजना प्रसिद्ध होते, जाहीर सूचनेतील मुदतीत कोणत्याही नागरिकाला लेखी हरकत वा सूचना देता येते आणि नियोजन समितीपुढे म्हणणे मांडता येते. वसईकरांना हे नवीन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने पाणी, शेती आणि झाडे यांच्यासाठी दिलेला लढा सर्वश्रुत आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६-३६ या प्रारूप प्रादेशिक योजनेवरही वसईतून हजारो हरकती दाखल झाल्या होत्या. मुदत उलटल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा मुदतीत दिलेला एक पानी अर्ज अधिक मोलाचा ठरतो. हरकतीत सर्व्हे नंबर, नकाशातील उल्लेख, नेमका आक्षेप आणि सुचवलेला पर्याय या चार गोष्टी असाव्यात आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी.

प्रत्येक धर्मग्रामाने एक छोटा माहिती गट नेमावा, अशी आमची सूचना आहे. त्यात एखादा अभियंता, एखादा वकील आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेली एखादी व्यक्ती असली, तरी पुरे. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर बसून लोकांचे कागद पाहिले, तर कित्येक कुटुंबे नोटिशीपासून, मध्यस्थांपासून आणि भाऊबंदकीपासून वाचतील. पाया खडकावर हवा, असे आपण प्रवचनात ऐकतो. आजच्या काळात त्या खडकावर झोन दाखला, मोजणी नकाशा आणि बहिणीची सहीही असावी, एवढेच आम्ही सांगू इच्छितो.